सर्व्हर हाय का?

"आ करा."

त्यानं आ केला.

"जिभेखाली धरा. आणि मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

हिर्डोशीच्या आरोग्य केंद्रात शुभांगी सिस्टरपुढं बसलं की बोलायची सोय नसते, हे त्या सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. हा मात्र नवखा. दहाच्या एसटीतून उतरला, भिजून चिंब, शिंकत शिंकत आत आला, आणि काही सांगायला तोंड उघडलं तोच हिनं त्यात थर्मामीटर सारला.

"आधीच सांगते, आज तपासून मिळायचं नाही," ती वहीत तारीख टाकत म्हणाली. "सर्व्हर बंद आहे. आमच्या डॉक्टरीणबाई पुण्यात बसतात, इथं पडद्यावर दिसतात. तुमचा कागद त्यांना दिसला तर त्या औषध लिहिणार. आणि सगळ्यांचे कागद कुठं, तर भोरला, केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टच्या ऑफिसातल्या सर्व्हरमध्ये. तो आठवड्यातून दोनदा मान टाकतो. तिथं एक नवा माणूस ठेवलाय म्हणे. काय करतो कोण जाणे! कालपासून सहा फोन केले मी. एकदा उचलला नाही त्या मठ्ठानं!"

तो ऐकत होता. पापण्यांवरून पाणी गळत होतं, आणि त्या पापण्यांखालचे डोळे... हसत होते. शुभांगीला राग आला. आजारी माणसानं इतकं छान हसू नये, असं तिला उगीचच वाटून गेलं.

पीं-पीं वाजलं. त्यानं थर्मामीटर काढून अदबीनं तिच्या हातात दिला.

"तो मठ्ठ मीच. प्रशिक. फोन कालच पाण्यात पडला, म्हणून स्वतःच आलो." मग जरा थांबून, "ताप आहे का हो मला?"

आता शुभांगी ओशाळली का? छे! तिनं आकडा वाचला.

"नव्व्याण्णव. काही होत नाही तेवढ्यानं. बोलायचं असेल तर माझ्याशी नको, तिकडं बोला." आणि तिनं बाकाकडं बोट केलं.

बाकावर ठकुबाई बसली होती. वरच्या वाडीची. सत्तरी कधीच ओलांडलेली, गुडघे धरलेले, रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या. दोन तास डोंगर उतरून आली होती आणि आता तसंच तीन तास चढून जायचं होतं. प्रशिक तिच्यासमोर चक्क उकिडवा बसला.

"आजी, चुकलं आमचं. यापुढं सर्व्हर बंद पडू नये म्हणून..."

"पडूं दे की रं," ठकुबाई म्हणाली. "मानूस पडतंय, त्ये तर यंत्रच हाय. पर हाय का न्हाई, एवढं मला घरी बसून कळाय पायजे. मग म्या कशाला उतरंन?"

"एवढंच?"

"एवढंच. लई न्हाई."

त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, आणि शुभांगीला ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. उठताना तो म्हणाला, "सिस्टर, चार दिवस द्या."

"बघू," ती म्हणाली. तिच्या तोंडी 'बघू' म्हणजे बरंच झालं.

चार दिवस म्हणाला, तिसऱ्याच दिवशी हजर! लॅपटॉप, एक नवा नंबर आणि छातीवर लटकवलेला इवलासा माईक. बेत साधा होता. लोकांनी त्या नंबरावर 'स्थिती' असा मेसेज टाकायचा, सर्व्हर आपण होऊन आपली हालहवाल कळवणार.

शुभांगीनं ठकुबाईचा मोबाईल त्याच्यापुढं ठेवला. बटणांचा होता. त्यातली हिरव्या आणि लाल बटणापलीकडची सगळी अक्षरं घासून गुळगुळीत झाली होती.

"हिला यातली दोनच बटणं येतात. टाकून दाखवा 'स्थिती'."

प्रशिकनं डोकं खाजवलं. "मग... फोनच करायचा. दोनदा वाजेल, आपोआप उचलला जाईल, आणि आवाजात उत्तर मिळेल."

"कुणाच्या आवाजात?"

"ज्या आवाजाचं सगळं खोरं ऐकतं त्याच." आणि त्यानं माईक तिच्यापुढं धरला.

कागदावर त्यानं वाक्य लिहून आणलं होतं: 'सर्व्हर सध्या कार्यरत आहे.' ते वाचून शुभांगी जी हसायला लागली...

"अहो, हे ऐकून ठकुबाई फोन ठेवून देईल! तिला वाटेल निवडणुकीचा फोन आला. इथं कुणी कार्यरत नसतं साहेब. इथं असतं ते 'हाय', आणि नसतं ते 'न्हाई'. 'हाय, या.' नाहीतर, 'न्हाई, आज येऊ नका.' बास."

"बरं. म्हणा."

"हाय, या."

"पुन्हा एकदा. पत्र्यावर पाऊस वाजला."

"हाय, या."

"पुन्हा. कोंबडा आरवला."

मग एसटीचा हॉर्न झाला. मग दाराची कडी वाजली. मग तो नुसतंच म्हणाला, "पुन्हा एकदा... नीट रेकॉर्ड झालं नाही." अकरा वेळा! अकराव्या वेळी तिचं 'हाय' जरा हळू आलं, कारण तो माईकऐवजी तिच्याकडं बघत होता आणि तिला ते कळलं होतं. 'न्हाई' मात्र एका फटक्यात उरकलं.

"ते एकदाच पुरलं?" तिनं भुवई उंचावली.

"ते तुम्ही पहिल्यांदाच फार मनापासून म्हणालात."

पंधरा दिवस सगळं झकास चाललं. वाड्यावाड्यांतून फोन जाऊ लागले. भात पोटरीला आलं होतं, कुणाला वेळ दवडायला फुरसत नव्हती. 'हाय, या' ऐकलं की माणसं निघायची. फुलाबाई नावाची एक म्हातारी तर दुखणं नसतानाही फोन लावायची आणि "शिस्टर बोलली माज्याशी" म्हणून घरभर सांगायची. प्रशिक दर बुधवारी काही ना काही तपासायला यायचा. एकदा वायर, एकदा तीच वायर. शुभांगी त्याला कोरा चहा द्यायची, आणि दूध का नाही असं त्यानं कधी विचारलं नाही.

आणि मग एक दिवस दुपारी वीज कडाडली, भोरचा सर्व्हर बसला, आणि अडीच तासांनी दारात ठकुबाई! इरलं गळतंय, गुडघा सुजून टम्म.

"आजी! अगं, फोन न्हाई केलास का?"

"केला की! वाजला, वाजला, लई वाजला. कुनी उचाललाच न्हाई." ठकुबाई बाकावर टेकली. "न्हाई असतं तर तू न्हाई म्हनाली असतीस. न्हाई म्हनाली न्हाईस, म्हंजी हायच की!"

शुभांगीनं ठकुबाईचा गुडघा शेकला, आणि शेकता शेकता डाव्या हातानं भोरला फोन लावला.

"तुमच्या सर्व्हरला 'न्हाई' म्हणता येत नाही!"

पलीकडून प्रशिकचा आवाज, पार पडलेला: "अरे देवा... उत्तर देणारं यंत्र मी त्याच सर्व्हरवर बसवलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे जो बेशुद्ध पडलाय, त्यालाच विचारतोय शुद्धीत आहेस का म्हणून."

"हे मला, एका सिस्टरला, विचारायचं होतंत आधी," ती म्हणाली. "बेशुद्ध माणसाची नाडी दुसऱ्यानं बघायची असते."

पुढच्या रविवारी ती त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून कापूरहोळला गेली. कामासाठी हो! नाडी बघणारं यंत्र बसवायचं, तर तिथं सिस्टर नको? जागा त्यानं हेरून ठेवली होती: हायवेच्या फाट्यावरचं त्याच्या मित्राचं, सोमनाथचं, बॅटऱ्यांचं दुकान. भोरमध्ये वीज गेली तरी इथं बॅटऱ्यांना तोटा नाही. फळीवर त्यानं मुठीएवढी डबी ठेवली.

"हिला एकच काम," तो सांगत होता. "दर मिनिटाला भोरच्या सर्व्हरला हाक मारायची: आहेस का? त्यानं ओ दिली की ठीक. तीनदा हाक मारून ओ आली नाही, तर ही वाट बघत बसणार नाही. फोन आता हिच्याकडंच येणार, आणि ही आपण होऊन 'न्हाई' सांगणार."

"तीन मिनिटं?"

"तीन मिनिटं."

त्यानं ऑफिसात फोन करून सर्व्हरची वायर काढायला सांगितली. आता तीन मिनिटं काढायची होती. शेजारच्या ढाब्यावरून दोन चहा आले. हायवेवर ट्रक चालले होते, सोमनाथ आत कुणाची तरी बॅटरी ठोकत होता, आणि ही दोघं एका बाकावर. पहिलं मिनिट चहात गेलं. दुसऱ्या मिनिटाला तिच्या कपाळावरची ओली बट त्याच्या नजरेला अडकली आणि निघता निघेना. तिनं ती मागं सारली नाही. तिसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, "शुभांगी..." सिस्टर नाही, नुसतं शुभांगी.

"काय?"

"काही नाही... वेळ झाली." आणि त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला. तिचाच आवाज खणखणीत आला: "न्हाई, आज येऊ नका!"

सोमनाथनं आतून टाळ्या वाजवल्या. शुभांगीला मात्र स्वतःचाच राग आला. त्या वेळी तरी आपण जरा मऊ बोलायला हवं होतं, असं तिला वाटलं.

दर सोमवारी केंद्राच्या लॅपटॉपवर एक यादी यायची: आठवड्यात कुठल्या नंबरानं किती वेळा विचारलं आणि त्याला काय उत्तर गेलं. शुभांगी ती नेमानं वाची. ठकुबाई दोन. फुलाबाई नऊ. पण महिनाभरानं एका सोमवारी सगळ्यांत वर एक नंबर होता. एक्केचाळीस वेळा! शेवटी अठ्ठ्याऐंशी.

अठ्ठ्याऐंशी तिला तोंडपाठ होता.

बुधवारी तो वायर तपासायला आला. तिनं कोरा चहा पुढं केला आणि यादीही.

"तुमचं टेबल कुठं आहे भोरला?"

"सर्व्हरला लागून."

"त्याचा दिवा दिसतो?"

"समोरच आहे की. हिरवा."

"मग समोर हिरवा दिवा दिसत असताना एक्केचाळीस वेळा फोन करून काय विचारत होतात?"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "टेस्टिंग..."

"आणि प्रत्येक वेळी सर्व्हर चालू असतानाच? 'न्हाई' एकदाही नाही टेस्ट केलं?"

"ते... ऐकवत नाही."

बाहेर पागोळ्या टपकत होत्या. शुभांगीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की ते लपवायला तिनं कपाट उघडून उगाच कापसाच्या गुंडाळ्या मोजल्या. मग वळली आणि सरळ बोलली. तिला आडवळणं जमतच नसत.

"ऐका आता. पानशेतचं एक स्थळ आहे. धरणाजवळ त्यांचं खानावळीचं चांगलं चाललंय. रविवारी बघायला येणार. आबांनी विचारलं, या म्हणू का? मी गप्प बसले. आबांनी त्याचा अर्थ 'हाय' लावला."

"तुम्ही का गप्प बसलात?"

"मला वाटलं, तोवर दुसरं कुणीतरी बोलेल."

तो बोलेल असं वाटलं. त्यानं कप खाली ठेवला. "शुभांगी, माझी ही नोकरी डिसेंबरपर्यंतचीच आहे... पुढचं अजून काही..."

"मी नोकरीचं विचारलं का?"

"नाही, पण..."

"पण बिण नको. गप्प राहिलात तर त्याचा मी काय अर्थ लावायचा? या खोऱ्यात त्यापायी एका म्हातारीचा गुडघा सुजलाय. रविवारी दुपारपर्यंत सांगा. हाय म्हणा, न्हाई म्हणा. न्हाई म्हणालात तर मी रडीन, आठ दिवस रडीन, आणि कामाला लागेन. पण वाजवत ठेवू नका."

तो त्या दिवशी चहा अर्धा ठेवून गेला.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी शुभांगीला एकदम लख्ख कळलं. प्रशिकचं उत्तर प्रशिक देईल, पण आपलं उत्तर आपल्याकडंच अडकून पडलंय! खळ्यात तिचे वडील, जगनआबा, कापलेल्या भाताच्या पेंढ्या झाकत होते. परतीचा पाऊस भरून आला होता.

"आबा, त्या दिवशी मी गप होते ना... ते 'हाय' नव्हतं."

आबांचा हात थांबला. "मग काय व्हतं?"

"न्हाई व्हतं. पानशेतच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगा."

"आता सांगू? उद्या यायच्यात ती मानसं! मग तवाच का बोलली न्हाईस?"

"चुकलं माझं. पण उद्या त्यांना एवढ्या लांबून बोलवून परत लावायचं, त्यापेक्षा आज सांगितलेलं बरं."

आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "दुसरं कोन हाय का मनात?"

"हाय."

"त्याला ठावं हाय?"

"हाय. पण त्यानं अजून ओ दिली न्हाई."

"आन न्हाईच दिली तर?"

शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी आवाज हलला नाही. "तरी पानशेतला न्हाईच."

आबांनी पागोटं सारखं केलं, बांधावर जिथं रेंज येते तिथं जाऊन उभे राहिले आणि फोन लावला. शिव्या खाल्ल्या असाव्यात. परत येऊन एवढंच म्हणाले, "सांगितलं. येत न्हाईत."

रविवार उजाडला तो विजांसकटच. घरात ना पाहुणे, ना पोह्यांची गडबड. आईची एक नजर पोरीवर, एक दारावर. अकरा वाजले. शुभांगी छत्री घेऊन बांधावर गेली. प्रशिकला फोन लावला, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं तो दुसरा नंबर लावला. दोनदा वाजलं, आणि तिचाच आवाज तिच्या कानात खणखणीत बोलला:

"न्हाई, आज येऊ नका."

भोरला वीज गेलेली असणार, एवढंच. तिला ते पक्कं ठाऊक होतं. तरी ते लागलंच. आपण इतकं जोरात का म्हणालो होतो त्या दिवशी? ती घरी आली आणि चुलीपाशी जाळ सारत बसली.

साडेबाराला अंगणात मोटरसायकल थांबली. दारात प्रशिक उभा होता, नखशिखांत भिजलेला. मागं रेनकोटातून एक बाई उतरत होत्या, हातात पिशवी, चेहऱ्यावर तेच डोळे. त्याची आई, अंजनाताई.

"जयभीम," त्या म्हणाल्या. "न कळवता आलो. वाटेत रेंजच नाही कुठं, आणि दरड आली म्हणून दीड तास तिथंच."

"जयभीम, जयभीम. या, आत या," आबा गडबडीनं उठले.

शुभांगी मात्र दारात आडवी उभी. मान ताठ.

"नंबर लावला नव्हतात का निघताना? सर्व्हर बंद आहे. आज येऊ नका असं सांगितलं असेल त्यात."

"ऐकलं," प्रशिक म्हणाला. तो भोरचा, शाळेत पाठांतराला पहिला येणारा. 'आहे' सोडून दुसरं त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं. तो दोन पावलं पुढं आला. "सर्व्हर न्हाई. पण मी हाय."

शुभांगीच्या आईनं तोंडाला पदर लावला. आबा खोकले.

"चार दिवस कशाला लागले?" शुभांगीचा आवाज आता कुठं ओला झाला.

"आईला सांगायला एक. ती तर लगेच उठली, पण म्हणाली, मुलीच्या घरी तोंड वर करून जायचं तर नोकरीचं विचारून ये. ट्रस्टनं कालच सांगितलं. तो 'हाय-न्हाई'चा नंबर आता सगळ्या केंद्रांना हवाय. वेल्ह्याकडंही. दोन वर्षं मी इथंच."

"आणि नसतं विचारलं त्यांनी?"

"तरी आलोच असतो. यायचं आधीच ठरवलं होतं, ट्रस्टचा तो आदेश मी अजून धड वाचलाही नाही," तो म्हणाला, आणि सणसणीत शिंकला.

"खोटं बोलतोय," अंजनाताई शांतपणे म्हणाल्या. "काल रात्री तीनदा वाचला. पण कपडे त्याआधीच इस्त्री करून ठेवले होते, एवढं खरं."

सगळी हसली. आबा हसले नाहीत. ते सतरंजीवर मांडी घालून नीट बसले आणि पोरीकडं वळले. एकदा फसलेला माणूस होता तो.

"शुभे, मागल्या टायमाला तू गप बसलीस आन म्या गाढवावानी अर्थ लावला. आता मान हलवू नगं, पदर चाळवू नगं. तोंडानं सांग. ह्यो पोरगा तुला मान्य हाय का?"

पावसाची एक सर पत्र्यावर तडतडून गेली. शुभांगीनं ती जाऊ दिली. मग प्रशिककडं बघत, साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली,

"हाय."

प्रशिकनं खिशातून ओला मोबाईल काढून तिच्यापुढं धरला, आणि अगदी हळू म्हणाला,

"पुन्हा एकदा... नीट रेकॉर्ड झालं नाही."

तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी कारण विचारलं नाही.